लाल वगळून

"आलं का?" मी टीव्हीच्या मागून विचारलं.

"आलं, आलं. आता हलवू नकोस," मयुरेश पुढून म्हणाला.

टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मी गुडघ्यांवर बसले होते. केसांत जळमटं, दातांत धरलेली छोटी बॅटरी, हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि पुढ्यात मी स्वतः जोडलेला बोर्ड. बोर्डावरचे तीन छोटे स्क्रू फिरवून रंग जुळवायचे होते. मागे बसणाऱ्याला चित्र दिसत नाही, त्यामुळे पुढे बसणाऱ्याने सांगायचं आणि मागच्याने फिरवायचं. कौलांवर चढून अँटेना फिरवायच्या काळापासून आमच्या घरात हीच पद्धत होती आणि ओरडण्याचं काम कायम मयुरेशकडेच असायचं.

"रंग कसे आहेत ते सांग."

"एक नंबर. ये, बघ तरी."

मी अंग चोरत बाहेर आले आणि बघतच राहिले. पडद्यावर टेकड्या होत्या, झाडं होती, टोपी घातलेला माणूस दुडक्या चालीने धावत होता. सगळं होतं, पण सगळं शेवाळी. खेळाच्या डब्यावरच्या चित्रात त्या माणसाची टोपी लालभडक होती, इथे ती साचलेल्या पाण्याच्या रंगाची झाली होती. झाडांवरची फळं, घरांची कौलं, सगळ्यांवर एकच कळा. लाल रंग त्या चित्रात औषधालाही नव्हता.

"डोळे आहेत की भोकं?" मी मयुरेशच्या डोक्यात टपली मारली. "एक नंबर म्हणे."

तो हसला. "गंमत केली गं," म्हणाला.

मीही हसले. धाकट्या भावाने मोठ्या बहिणीची टर उडवायची हे आमच्या घरात रोजचंच होतं, त्यात मला वावगं वाटलं नाही.

हे यंत्र जगूमामाने पाठवलं होतं. जगूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. हॉलंडमधल्या कुठल्याशा बंदरात जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्याने भाच्यासाठी हा जुना व्हिडिओ गेम उचलला होता. त्याच्या केबलला एक पसरट, पिनांनी भरलेला प्लग होता आणि तो बसेल असा टीव्ही अख्ख्या रत्नागिरीत नव्हता. मी तेव्हा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होते, अंगात मस्ती होती, म्हणून मी ते काम अंगावर घेतलं.

पहिल्या दिवशी आम्ही जगातली सगळी माणसं करतात तीच चूक केली. यंत्रातून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग तीन वायरींनी बाहेर येतात. आमच्या टीव्हीच्या पाठीवरही लाल, हिरवं, निळं अशी तीन भोकं. लालमध्ये लाल, हिरव्यात हिरवा, निळ्यात निळा, झालं काम, असं म्हणून आम्ही खोचलं आणि पडद्यावर भुताटकी झाली. चित्र उलटंपालटं धावायला लागलं आणि माणूस जांभळा झाला. मग सायबर कॅफेत बसून मी वाचलं तेव्हा कळलं की टीव्हीची ती भोकं नुसती नावाला रंगवलेली असतात. हिरव्या भोकात टीव्हीला हिरवा नकोच असतो, पूर्ण काळं-पांढरं चित्र हवं असतं. उरलेल्या दोन वायरींनी फक्त एवढंच सांगायचं, की या चित्रात लाल किती आणि निळा किती. हिरवा तो स्वतःच वजाबाकी करून काढतो. म्हणजे मधे एक दुभाष्या हवा. तो दुभाष्या मी त्या भोकाभोकांच्या बोर्डावर तयार करत होते.

घाई होती, कारण मयुरेश जाणार होता. सोमवारी मुंबईत त्याची वैद्यकीय तपासणी होती. ती झाली की तिथूनच जहाजावरच्या प्रशिक्षणाला रवाना. बारावीनंतरचं सगळं वर्ष घराने याच सोमवारकडे तोंड करून काढलं होतं. त्यातही अप्पांनी जास्त. अप्पा बंदरावरच्या लाँचवर तांडेल होते, म्हणजे लाँच तेच हाकायचे. खोल पाण्यात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांपर्यंत माणसं पोचवायची, शिडीखाली लाँच लावायची, माणसं वर गेली की परत यायचं. अख्खं आयुष्य शिडीच्या खालच्या टोकाशी गेलं. आपला पोरगा ती शिडी चढून वर जाणार हे त्यांनी बंदरावर, बाजारात, देवळात, जिथे कोणी ऐकून घेईल तिथे सांगून ठेवलं होतं.

तर त्या दिवशी मी बोर्ड उलटा करून बघितला. लाल वायरीचा सोल्डरचा डाग कच्चा राहिला होता, वायर नुसती टेकलेली होती. मी सोल्डरिंग आयर्न तापवलं, डाग पक्का केला, पुन्हा जोडलं. या वेळी मी पुढेच होते. चित्र एकदम जिवंत झालं. टोपी लाल, कौलं लाल, झाडांवर लाल फळं आणि अधूनमधून हिरवी. लाल फळं खायची, हिरवी विषारी, ती चुकवायची, असा तो खेळ होता.

"आता बघ," मी ऐटीत म्हटलं.

मयुरेशने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते तो वाचत होता, असं आज वाटतं. "हां. आता मस्त," तो म्हणाला आणि खेळायला बसला. पहिल्याच झाडावरचं हिरवं फळ त्याने खाल्लं आणि मेला. दुसऱ्यांदा पुन्हा तेच.

"हिरवं आहे ते."

"घाईत गं."

मला एकाएकी रातांबे आठवले. मे महिन्यात आजोळी आम्ही सगळी भावंडं रातांबे काढायला जायचो. आम्ही लांबूनच लाल फळ हेरून तोडायचो. मयुरेश मात्र प्रत्येक फळ चाचपून बघायचा, दाबून, हुंगून, आणि तरी त्याच्या टोपलीत निम्मे कच्चे असायचे. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. आळशी पोरगा एकेक फळ चाचपत बसेल कशाला, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. अप्पा ताटावर बसून रविवार रात्रीच्या गाडीचं, मुंबईत कोणाकडे उतरायचं त्याचं बोलत होते. मयुरेश मान हलवत होता. मी त्याच्या ताटातल्या सोलकढीकडे बघत होते आणि ती त्याला कुठल्या रंगाची दिसत असेल, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. माझी खात्री नव्हती. खात्री नव्हती म्हणूनच जीव टांगणीला लागला होता, कारण मनात अजून ती गंमतच असावी अशी आशा होती.

शनिवारी जगूमामा आला. तो सुट्टीवर होता, पावस गावाहून भाच्याला निरोप द्यायला आला होता. तो येतोय हे आईने सांगितलं तेव्हा, मयुरेशच्या लक्षात येतंय का ते बघायला, मी टीव्हीमागे जाऊन लाल प्लग अर्धवट उपसून ठेवला. मयुरेश आत आला, त्याने खेळ लावला, पडदा पुन्हा शेवाळी झालेला. तो काही न बोलता खेळायला लागला. मला रडू येईल असं वाटलं, पण तेवढ्यात मामा दारात चपला काढत होता.

मामा खुर्ची ओढून मयुरेशच्या शेजारी बसला. दोघं मामा-भाचे गुडघ्याला गुडघा लावून त्या शेवाळी पडद्याकडे बघत होते आणि दोघांच्या चेहऱ्यावर सारखंच समाधान होतं.

"झकास केलंस गो बाय," मामा म्हणाला. "त्या दुकानदारानं मला लावून दाखवलंन, तेव्हा अगदी अस्संच दिसत होतं."

मी काही बोलायच्या आत माझं लक्ष दाराकडे गेलं. आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने पडदा बघितला. मग भावाकडे बघितलं. मग मुलाकडे बघितलं. ट्रे तिने खाली ठेवलाच नाही. तसाच घेऊन ती परत स्वयंपाकघरात गेली आणि मी तिच्या मागे गेले.

"तूच काढलंस ना, लाल?" तिने हळू आवाजात विचारलं.

मी मान डोलावली.

आई ओट्याला टेकून उभी राहिली. मग बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने मला जे सांगितलं ते तोवर आमच्या घरात कोणी बोललं नव्हतं. जगूमामालाही डेकवरच जायचं होतं. तपासणीत डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं, त्यातले आकडे मामाला दिसले नाहीत, आणि त्याला परत पाठवलं. माझ्या आजोबांनी गावभर सांगितलं की पोराला स्वयंपाकाचीच आवड आहे. मग मामाला ती आवड खरोखर लावून घ्यावी लागली. लाल-हिरवा वेगळा न दिसण्याचा हा दोष आईच्या रक्तातून मुलात उतरतो, असंही त्या डॉक्टरने सांगितलं होतं.

"मयू झाला तेव्हापासनं मी बघतंय," आई म्हणाली. "नसेल, नसेल, म्हणून दिवस काढले."

"अप्पांना माहीत आहे?"

"नाय. जगूचं पण त्यांना ठाव नाय." तिने पदराने ओटा पुसला, तो स्वच्छच होता. "सोमवारी डॉक्टर काय ते सांगेल. आपल्या तोंडानं कशाला?"

आईला डॉक्टरची भीती होती आणि तेवढीच डॉक्टरची आशाही होती, हे मला कळत होतं. एखादा डॉक्टर घाईत असतो, एखादा पुस्तक नीट उघडत नाही. मला मात्र त्या आशेचीच जास्त धास्ती वाटली. डॉक्टरने पकडलं तर अप्पा बंदरावर तोंड दाखवू शकणार नाहीत. नाही पकडलं तर मयुरेश रात्री जहाजाच्या पुढच्या टोकाला उभा राहून अंधारात दिवे ओळखणार. दोन्हीपैकी काय मागावं ते मला कळेना आणि देवासमोर उभी राहूनही मी काही न मागताच परत आले.

रविवारी दुपारी आई शेजारी गेली, अप्पा लाँचवर होते. मयुरेश खेळत होता. मी टीव्हीमागे गेले, लाल प्लग हातात धरला आणि म्हटलं, "मी आता काहीतरी करणार आहे. काय बदललं ते सांग."

"कशाला?"

"सांग तर."

मी प्लग आत ढकलला. पुढून खेळाचं संगीत तेवढं येत होतं. मी वाट बघितली. मग संगीत थांबलं, म्हणजे त्याने खेळ थांबवला असणार.

"ताई," तो म्हणाला, "लावलंस की काढलंस?"

मी तिथेच बसून राहिले. बाहेर येऊन त्याचा चेहरा बघायची माझी हिंमत नव्हती. शेवटी तोच उठून आला आणि टीव्हीच्या कडेला भिंतीला टेकून बसला.

त्याला माहीत होतं. शाळेत प्रयोगशाळेत काचपात्रातला रंग बदलला की सगळे ओरडायचे आणि तो शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहायचा, तेव्हापासून माहीत होतं. तयारीच्या क्लासमध्ये त्याच्यासारखा आणखी एक मुलगा होता, त्याने ठिपक्यांच्या पुस्तकातली सगळी पानं कुठूनशी आणली होती. दोघांनी ती घोकली होती. मयुरेशने मला पाढे म्हणावेत तसे आकडे म्हणून दाखवले, कुठल्या पानावर कुठला, कुठल्या पानावर काहीच दिसत नाही म्हणायचं. एकदाही अडखळला नाही.

"मी पास होणार," तो म्हणाला. "तू फक्त गप्प बस."

"आणि मग? जहाजावर?"

"बघू तेव्हाचं तेव्हा."

"मयू, तिथे पुस्तक नसतं."

"मग काय करू?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "बॅग घेतलीय अप्पांनी. बंदरावर पेढे वाटलेत. तू सांगशील त्यांना? जा, सांग."

मी सांगू शकले नसते. माझा शहाणपणा सगळा बोर्डावरच्या वायरींपुरता होता. मी त्याला एवढंच म्हटलं की मी गप्प बसेन.

अप्पा ऊन उतरायच्या सुमाराला घरी आले. अंगाला डिझेलचा वास, पायांत वाळू. हातपाय धुऊन ते नेहमी ओटीवर बसायचे, पण त्या दिवशी मूड चांगला होता. रात्रीच्या गाडीने पोराला घेऊन मुंबईला जायचं होतं.

"दाखवा बघू तुमचं यंत्र," म्हणत ते आत आले आणि पलंगावर मांडी घालून बसले. "अख्खा आठवडा घर डोक्यावर घेतलंत त्याच्यासाठी."

आई दारात येऊन उभी राहिली. मयुरेश खेळायला लागला. चित्र पूर्ण होतं, त्यात लाल होता, रंगांत माझ्या बाजूने काही कसूर नव्हती. मी अप्पांना खेळ समजावून सांगितला, लाल फळं खायची, हिरवी चुकवायची. अप्पा लहान मुलासारखे पुढे सरकले.

मयुरेशने हिरवं खाल्लं. अप्पा हसले. त्याने पुन्हा हिरवं खाल्लं. "अरे, लक्ष कुठाय?" अप्पा म्हणाले, "समोर तर दिसतंय." तिसऱ्यांदा तो झाडापाशी जाऊन नुसताच उभा राहिला. टोपीवाला माणूस जागच्या जागी पाय आपटत होता. त्या झाडावर दोन फळं होती, एक लाल आणि एक हिरवं, अगदी शेजारी शेजारी.

"घे की," अप्पा म्हणाले.

मयुरेशने हातातला कंट्रोलर खाली ठेवला. उठून तो टीव्हीमागे गेला, खाली वाकला आणि मला म्हणाला, "ताई, यातली लाल कुठली ती दाखव."

आईने दाराची चौकट धरली. मला अजूनही काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेता आली असती. त्याला जागेवरून लाल कुठली ते माहीत होतं, इतक्या वेळा त्याने ती बघितली होती. तरी त्याने सगळ्यांसमोर मला विचारलं होतं.

"सगळ्यात खालची," मी म्हटलं.

त्याने ती उपसली. टोपी, कौलं, फळं, सगळं शेवाळी झालं. ती दोन फळं आता मलाही वेगळी ओळखू येईनात.

"अप्पा," तो तिथूनच म्हणाला, "मला हे असं दिसतं. ती वायर असली काय, नसली काय."

अप्पांना पहिल्यांदा काही उमगलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले, मी खाली बघितलं. ते आईकडे बघायला लागले आणि आई रडत होती. मग त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"लाँचवर तू कितीदा आलायस माझ्याबरोबर," ते सावकाश म्हणाले. "डावा दिवा कुठला, उजवा कुठला, विचारायचो मी. एकदा चुकला नाहीस."

"डावीकडचा लाल असतो, हे पाठ होतं, अप्पा."

"दोन्ही दिसले तर पाठ." अप्पा म्हणाले. "रात्रीचं समोरनं जहाज आलं आणि एकच दिवा दिसला तर?"

मयुरेश हातातल्या वायरीचं टोक चाचपत राहिला.

मला वाटलं, आता अप्पा उठतील, ओरडतील, निदान बाहेर निघून जातील. इतकी वर्षं अंधारात दिव्यांवर भरवसा ठेवून लाँच हाकलेला माणूस. ते उठले नाहीत. नुसते त्या पडद्याकडे बघत बसले. मला ते बघवेना. मी टीव्हीमागे सरकले, मयुरेशच्या हातातली वायर घेतली आणि पुन्हा खोचायला गेले.

"नको लावूस," अप्पा म्हणाले.

मी थांबले.

"तशीच राहू दे." त्यांनी पलंगावर स्वतःच्या शेजारची जागा हाताने झाडली आणि मयुरेशला बोलावलं. तो येऊन बसला. अप्पांनी खालचा कंट्रोलर उचलून त्याच्या हातात दिला. "खेळ तू. मला बघू दे जरा, तुला कसं दिसतं ते."